कागदी झटका

"घाबरू नगा मॅडम. माझा कागद असाच येतो."

वन्सं टेबलावर उताण्या पडल्या होत्या. हातापायांना चिमटे, छातीवर रबरी बटणं चिकटवलेली, आणि अशा अवस्थेत त्या डॉक्टरीणबाईंना धीर देत होत्या. मशीनमधून गुलाबी चौकटींची पट्टी करकरत बाहेर आली. डॉ. नाझनीन मुलाणींनी ती फाडली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरून वाचू लागल्या.

 त्यांचं वाचून होईपर्यंत मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

"पेसमेकर आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हाय की." वन्संनी डाव्या खांद्याखालचा काडेपेटीएवढा उंचवटा दाखवला. "चार वर्सं झाली. म्हणून तर म्हणती. समदे डॉक्टर आधी घाबरत्यात, मग कळतं तेंस्नी."

दाराला टेकून उभी असलेली शालन फिसकन हसली. शालन माझी चुलत जाऊ. तिच्याच स्कूटीवर मधे वन्संना धरून बसवून आम्ही दवाखान्यात आलो होतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, हौसाबाई. गाव त्यांना आक्का म्हणायचं. लग्नानंतर दोनच वर्षांत नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ह्या माहेरी आल्या त्या आल्याच. आमच्या विट्याकडच्या भागात बऱ्याच घरांतले पुरुष लांब मुलखात गलाईच्या धंद्यात असतात. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची दुकानं. आमचे हे कोइमतूरला. सणाला, यात्रेला येणार, चार दिवस पाहुण्यासारखे राहणार आणि जाणार. त्यामुळं संसार म्हणतात तो मी केला वन्संबरोबर. भांडण त्यांच्याशी, अबोला त्यांच्याशी, आणि रात्री अंगणात बाज टाकून गप्पा पण त्यांच्याशीच.

त्या दिवशी घरात यात्रेची तयारी चालली होती. भैरोबाची यात्रा दुसऱ्या दिवशी, हे रात्रीच्या गाडीत बसायचे होते. वन्सं पाट्यावर पुरण वाटत होत्या. मिक्सरला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. वाटता वाटता थांबल्या, हनुवटीखाली हात धरला आणि तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?"

"दाढ ठणकतीया."

"वन्सं, तुम्हाला दाढा कुठायत?"

त्यावर त्यांनी मला एक शिवी द्यायला हवी होती. दिली नाही. तेव्हा मी जवळ जाऊन बघितलं. पाठीवर चोळी चिंब भिजली होती आणि कपाळ गार होतं. चैत्रातल्या दुपारी, चुलीसमोर बसलेल्या बाईचं कपाळ गार.

"पित्त हाय," त्या म्हणाल्या. "सोडा दे जरासा."

मी सोडा दिला नाही. शालनला हाक मारली.

तर डॉक्टरीणबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. नव्यानंच आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात आलेल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, गळ्यातला स्टेथोस्कोप सोडला तर कॉलेजची पोरगीच वाटावी.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"खरं सांगू? यावरून मला नक्की कळत नाही." त्यांनी पट्टी माझ्यापुढं धरली, जणू मला कळणार होतं. "मशीननं पण वर छापलंय बघा, पेसमेकरचा ठोका आहे, पुढचं मी सांगणार नाही. पेसमेकर हृदयाला ठोका देतो, पण नेहमीच्या वाटेनं नाही, आडवाटेनं. म्हणून ह्या लाटा अशा रुंद आणि उलट्यापालट्या येतात. झटका आलेल्या माणसाच्या पट्टीसारख्या. झटका नसला तरी तशाच."

"आणि असला तरी?"

"असला तरी तशाच. तीच तर भीती आहे."

"मी काय म्हणत हुते?" वन्सं टेबलावरून म्हणाल्या. "काढा हे चिमटं. पुरण उघडं पडलंय."

त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. हे असं दोनदा झालेलं. पहिल्यांदा चक्कर आली म्हणून गावातल्या खाजगी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि तिच्याकडं बघून त्यांनाच घाम फुटला. टेम्पोत गादी टाकून आम्ही वन्संना सांगलीला नेलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, मशीनमुळं असं दिसतं, काही झालेलं नाही, घरी जा. दुसऱ्यांदा छातीत जळजळ झाली, ती नेमकी शालनच्या थोरल्याच्या हळदीच्या दिवशी. बँड थांबला. निम्मं वऱ्हाड जेवण सोडून सांगलीला. संध्याकाळी वन्सं आपल्या पायांनी चालत परत आल्या, हातात केळ्यांची फणी घेऊन. हळद तोवर वाळून गेली होती. त्या दिवसापासून शालननं नाव पाडलं, "आक्कांचा कागदी झटका." गावाला ते फार आवडलं. पारावर बसलेली माणसं सुद्धा विचारायची, "काय आक्का, औंदा कागदी झटका कवा?" वन्सं पण हसायच्या. सगळ्यांच्या आधी त्याच हसायच्या.

"जुना ईसीजी आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पेसमेकर बसवल्यानंतरचा, बरं असतानाचा. तो असला तर शेजारी ठेवून बघता येईल."

"हाय तर!" वन्संना एकदम हुरूप आला. "उजे, माझी पिशवी."

सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितलं होतं, हा कागद जिवापाड जपा, कुठंही दवाखान्यात गेलात तर दाखवा. वन्सं आज्ञा पाळणाऱ्या. दुसऱ्या खेपेहून आल्या त्याच आठवड्यात एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेल्या आणि रेशनकार्डाबरोबर तो पण प्लॅस्टिकमध्ये पक्का करून आणला.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून निघालेली ती पट्टी उजेडाकडं धरली. उलटी केली. परत सुलटी केली.

"हे काय आहे?"

"माझा जुना कागद. जपून ठिवलाय."

पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट होती. तव्याच्या बुडासारखी.

"आजी, ह्याला लॅमिनेशन केलंत?" डॉक्टरीणबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "हा कागद उष्णतेवर छापतात. गरम यंत्रात घातला की सगळाच काळा होतो."

"झेरॉक्सवाला म्हणाला, छपाई खराब हाय. म्हटलं असंल. आपल्याला कुठं वाचता येतंय. डॉक्टरला येत असंल."

शालन मोठ्यानं हसली. मलाही हसू फुटलं असतं, पण मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत होते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगलीला फोन लावला. रविवार होता. तिकडून कुणीतरी सांगितलं, जुन्या फायली उद्या मिळतील.

फोन ठेवून त्या क्षणभर टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. मग वन्संना चार गोळ्या चघळायला दिल्या, हाताला सलाईनची सुई लावली आणि मला बाजूला घेतलं.

"आपण आपलाच जुना कागद तयार करू. हा पहिला झाला. चिमटे तसेच ठेवते, थोड्या वेळानं दुसरा काढते. पेसमेकर दर वेळी एकच खोटं बोलतो, जसंच्या तसं. ते खोटं बदललं, तर त्याच्यामागं काहीतरी खरं चाललंय."

"आणि नाही बदललं तर?"

"तर परत काढीन."

तो थोडा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. पंखा फिरत होता आणि वन्संच्या पदराचं टोक त्या वाऱ्यानं हलत होतं. त्यांच्या छातीकडं बघायचं की पदराकडं, मला कळेना. श्वास कुठला आणि वारा कुठला, तेही कळेना.

"झटका आला की रक्तात कळतं, ती तपासणीची पट्टी पण केलीय," डॉक्टरीणबाई आत येऊन म्हणाल्या. "एकच रेघ आलीय. म्हणजे अजून तरी काही नाही."

"बघा!" शालन म्हणाली. "मी चलते. आक्का, उठा आता. बँड न्हाई लावलेला औंदा, नायतर त्यो पण थांबवला असता तुमी."

"पण झटका असला तरी पहिले काही तास दुसरी रेघ येतच नाही," डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं.

शालन दारातच थांबली.

दवाखान्यात येतानाच मी कोइमतूरला कळवलं होतं. माझा फोन वाजला. हे.

"काय म्हणतायत डॉक्टर?"

"कळत नाही म्हणतायत."

"म्हणजे मागच्यासारखंच. अगं, दोन्ही वेळेला काही निघालं नव्हतं. आक्काला घरी ने, ताक दे. मी उद्या येतोयच."

"तुम्ही बोला त्यांच्याशी."

फोन वन्संच्या कानाला लावला. "व्हय रं तात्या," त्या म्हणाल्या. "काय न्हाई मला. तू गाडी चुकवू नगंस. पुरण झालंय. व्हय. व्हय." बोलताना त्यांचा दुसरा हात टेबलाच्या लोखंडी कडेवर होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. आवाजात मात्र काही नाही. यात्रेला ये म्हणणाऱ्या बहिणीचाच आवाज.

फोन घेताना मी हळूच विचारलं, "वन्सं, लई दुखतंय का?"

"न्हाई."

"माझ्याकडं बघून सांगा."

त्या पंख्याकडं बघत राहिल्या. "पुरणाला मुंग्या लागतील उजे," म्हणाल्या.

मशीन पुन्हा करकरलं. डॉक्टरीणबाईंनी दुसरी पट्टी पहिलीच्या खाली धरून खिडकीच्या कट्ट्यावर पसरली. बोट एकेका लाटेवरून सरकवत नेलं. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. दोन्ही म्हणजे कुणीतरी धावत्या एसटीत बसून काढलेल्या रांगोळीच्या रेघा. बोट एका जागी थांबलं. मागं आलं. परत तिथंच थांबलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "मोठी लाट वर गेली, की तिच्या पाठची रेघ खाली यायला हवी. पेसमेकरचा नियमच तो आहे, उलट्या दिशेनं जायचं. पहिल्या पट्टीत खालीच आहे. दुसऱ्या पट्टीत..."

दुसऱ्या पट्टीत ती रेघ वर उचलली होती. फार नाही. मुंगी तिच्याखालून गेली असती इतकीच.

"एकाच जागी?"

"शेजारच्या जागीही." त्यांनी मोबाईलवर दोन्हींचे फोटो काढले, मिरजेच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवले आणि बाहेर जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण आवाज पक्का होता. "ते म्हणतायत, ताबडतोब आणा, वाट बघतो. ॲम्ब्युलन्स सांगितलीय. हा झटका आहे, असं माझं म्हणणं आहे. माझं चुकलेलंही असू शकतं. पण तो धोका मी घेणार नाही."

"मी न्हाई जात," वन्सं शांतपणे म्हणाल्या.



"आजी, हे पित्त नाही."

"आसंल. पण मी न्हाई जात. घरी न्या मला."

"वन्सं, मिरज काय लांब नाही."

"सांगली पण लांब न्हवती."

"नाही गेलात तर जिवाला धोका आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य शिकताना पाठ केलं असणार. 

"जिवाला काय करायचंय पोरी. साठी उलटली की." मग एकदम चिडून, "उजे, तुला कळत न्हाई का? उद्या यात्रा हाय. घरात माणसं येणार. काढ ती सुई!"

त्यांनी स्वतःच सुई ओढायला हात नेला. मी तो हात धरला. माझ्यापेक्षा त्यांच्या हातात नेहमीच जास्त जोर. त्या दिवशी नव्हता. तो माझ्या हातात तसाच पडून राहिला, ओल्या कापडासारखा. तेव्हा मला जी भीती वाटली ती सांगता येत नाही.

"वन्सं, मला भ्या वाटतंय," मी म्हणाले.

"तुला भ्या वाटतंय म्हणून मी मिरजंला जाऊ?"

"हो."

"ह्ये बरं हाय."

"तुम्ही घरी आलात आणि मधल्या खोलीत झोपलात, तर मी रातभर दारात उभी राहीन. मला झोप येणार नाही, स्वैपाक होणार नाही. पाहुण्यांना काय घालू? तुम्हाला काही नसलं झालं, तरी माझ्यासाठी चला. मी घाबरट आहे म्हणून सांगा सगळ्यांना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दुपारी पहिल्यांदाच. "तू सांगशील? तू भ्यालीस म्हणून नेलं म्हणून?"

"पारावर उभी राहून सांगीन."

"आन् शालन? ती पण सांगंल?"

शालन दारात उभी होती, पदर तोंडाला. तिनं नुसती मान डोलावली.

"चला मग," वन्सं म्हणाल्या आणि डोळे मिटले.

ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्या पायाशी मी बसले. डोक्याशी सुतार आडनावाचा ब्रदर होता, मधे एक छोटा पडदा, त्यावर हिरवी रेघ. तासगावच्या अलीकडं वन्सं बोलायच्या बंद झाल्या. चेहरा राखेसारखा. सुतारनं ब्लडप्रेशर घेतलं आणि ड्रायव्हरला नुसतं "गाडी दाब," म्हणाला.

"पण ठोके तर चालूच आहेत," मी पडद्याकडं बोट करून म्हणाले. बारीक उभ्या रेघा एकामागून एक, अगदी शिस्तीत येत होत्या. मला त्यांचा केवढा आधार वाटत होता.

"त्या उभ्या रेघा मशीनच्या, ताई," तो म्हणाला. "मशीन हाक मारतंय. तिच्या मागं ही रुंद लाट येते ना, ती काळजाची. ती ओ देते. उभ्या रेघा काय, त्या माणूस गेला तरी येत राहतात."

बिचारा समजावून सांगायला गेला. पण त्यानंतर माझी मान त्या पडद्यावरून हलली नाही. हाक, ओ. हाक, ओ. रस्त्यावर गतिरोधक आला की सगळंच हलायचं आणि हाक कुठली, ओ कुठली ते कळायचं नाही.  देवाचं नाव आठवेना. भैरोबाचं सुद्धा आठवेना, ज्याची दुसऱ्या दिवशी यात्रा.

आणि मग एक उभी रेघ आली, आणि तिच्यामागं काहीच आलं नाही.

सपाट.

"दादा," मी म्हणाले. 

दुसरी उभी रेघ. तिच्यामागंही सपाट. सुतार उठून वन्संच्या छातीवर वाकला, दोन्ही हात एकावर एक धरले. तेवढ्यात पडद्यावर एक वेडीवाकडी लाट उठली. मग हाक. मग ओ. पुन्हा हाक, ओ. सुतारचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यानं ते हळूच खाली घेतले आणि शर्टाला पुसले.

मी वन्संचा पाय धरला होता. मिरजेच्या दवाखान्याच्या दारात तो माझ्या हातातून सोडवून घ्यावा लागला.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. सह्या. काचेचं दार. कुणीतरी दिलेला चहा, त्यावर आलेली साय. मग हिरवे कपडे घातलेले डॉक्टर बाहेर आले आणि मला आत संगणकापाशी नेऊन दाखवलं. एक नस काळ्या वेलीसारखी येत होती आणि मधेच तुटली होती. नस उघडल्यावरच्या दुसऱ्या चित्रात तीच वेल पार टोकापर्यंत पसरलेली. "तुमच्या गावच्या डॉक्टरांनी वेळेत पाठवलं," ते म्हणाले. "पेसमेकरच्या पट्टीत हे बघणं सोपं नसतं." मी आधी खाली बसले, मग त्यांना नमस्कार केला.

सकाळी अतिदक्षता विभागात एकेकट्याला सोडलं. हे अजून वाटेतच होते. वन्संचे डोळे उघडे होते. नाकात नळी, ओठ फुटलेले. मला वाटलं, विचारतील यात्रेचं, तात्याचं, पुरणाचं.

त्यांनी बोटानं जवळ बोलावलं. मी कान ओठांपाशी नेला.

"उजे, खरं सांग. खरा हुता का गं?"

"काय?"

"झटका. का परत..."

"खरा होता, वन्सं. नस बंद झाली होती. मी डोळ्यांनी बघितली."

"तुला दावली?"

"दाखवली. पार बंद."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही बाजूंनी पाणी आलं आणि कानांत गेलं. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "लई बरं झालं."

मी पदरानं त्यांचे कान पुसले.

"पहाटंपासनं मधनंमधनं दुखत हुतं," त्या म्हणाल्या. मधेमधे थांबत, धाप लागत. "कळत हुतं मला, पित्त न्हाई त्ये. पर म्हटलं, तिसऱ्यांदा नगं. मरायचं भ्या न्हाई वाटलं. मिरजंचा डॉक्टर म्हणंल, काय झालं न्हाई, घरी जा. मग परत त्याच गाडीतनं माघारी यायचं. यात्रंची समदी माणसं दारात. तात्या वरखाली बघणार. आन् मी हसायचं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "भावाच्या घरात ऱ्हाती मी उजे. कितींदा हसायचं?"

 मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कोमट होतं.

"शालनला फोन लाव."

"इथं फोन चालत नाही."

"मग भाईर जाऊन लाव. आत्ताच्या आत्ता."

मी बाहेर गेले. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत शालननं उचलला. "आक्का?" एवढंच म्हणाली.

"आहेत," मी म्हणाले. "आणि खरा होता. नस बंद होती."

 तिकडून यात्रेचे ढोल तेवढे ऐकू येत होते. मी जरा वेळ थांबले, मग फोन बंद केला.

आत आले तर वन्सं दाराकडंच डोळे लावून होत्या.

"काय म्हणाली?"

"रडत होती," मी सांगितलं. रडत होती की नाही, मला आजही ठाऊक नाही.

वन्संनी त्यावर थोडा विचार केला.

"रडू दे जरा," म्हणाल्या, आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून नुसतं तोंड भिंतीकडं करून गाढ झोपल्या.